माडावरची तार

गोव्यातल्या स्थानिक न्यूज चॅनेलची गोष्ट बहुतेक जण केबलपासून सुरू करतात. मला ती त्याआधीची, जंगलातली वाटते. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून भूमिगत रेडिओ चालवत होते, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. पणजीच्या ‘एमिसोरा दि गोवा’ या सरकारी रेडिओवर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारचे तेवढेच ऐकू येई, बाकीचे हे दोघे सांगत. १८ डिसेंबर १९६१ ला बांबोळीचे बिनतारी केंद्र हवाई दलाने निकामी केले आणि दुसऱ्या दिवशी याच दोघांनी विमानात बसून भोंग्यावरून मुक्तीची बातमी गोव्याला दिली.

मग जवळजवळ तीस वर्षे आकाशवाणी आणि दूरदर्शन. म्हणजे पुन्हा सरकारीच आवाज, फक्त आपल्या सरकारचा.

नव्वदच्या दशकात केबलवाला आला. आमच्या फोंड्याकडच्या वाड्यावर त्याने माडावरून माडावर काळी तार ओढली होती. झावळ पडली की अख्ख्या वाड्याचा टीव्ही बंद. एक चॅनेल त्याने स्वतःसाठी राखला होता, त्यावर रात्री सिनेमा आणि चतुर्थीत भजनाच्या स्पर्धा. १९९५ च्या कायद्याने केबलवाल्यांना नोंदणी लागू झाली. पुढे याच तारेच्या आधाराने गोव्याच्या बातम्यांचे चॅनेल उभे राहिले. प्रुडंट, गोवा ३६५ ही नावे आता घराघरांत आहेत.

भाषेचे गणित इथे वेगळेच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात जागा मिळाली. त्यावरचा वाद अजून चालूच आहे, पण माझ्यासारखे कितीतरी गोमंतकीय पेपर मराठीत वाचतात आणि बातम्या कोकणीत ऐकतात. निवेदिका कोकणीत, सरपंचाचा बाईट मराठीत आणि मंत्र्याचे उत्तर मध्येच इंग्रजीत, हे कुणाला खटकत नाही.

हे चॅनेल उपग्रहावर का गेले नाहीत? पैसा. २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या न्यूज चॅनेलसाठी कंपनीची नक्त मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारी, २० कोटी रुपये हवी होती. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख वस्तीचे राज्य, त्यात जाहिरात देणार कोण, तर सोनार, बिल्डर, फर्निचरवाले आणि सरकारचे माहिती खाते! तेव्हा तारेशिवाय गती नव्हती, आणि चॅनेल स्वतंत्र असला तरी तार दुसऱ्याची. शिवाय ज्याने छपरावर डिश बसवली त्याच्या घरातून गावचा चॅनेल गेलाच. आमच्याकडे हेच झाले. जगभरचे दिसायचे, फोंड्याचे दिसेना.

तो परत आला फोनवरून. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि यूट्यूब, फेसबुकवर लाइव्ह सुरू झाले. जहाजावरचा माझा भाचा जत्रेची पालखी समुद्रात बसून बघतो. २०२१ च्या नियमांनी अशा डिजिटल बातम्यांनाही आचारसंहिता आणि तक्रार अधिकारी लावून दिला.

गंमत म्हणजे आमच्या केबलवाल्याने आता त्याच माडांवरून इंटरनेटची तार नेली आहे. बातम्या यूट्यूबवर लागतात, आणि झावळ पडली की बंदही पडतात.