रेयॉन म्हणजे प्लास्टिक नव्हे

कापडाच्या दुकानात रेयॉनला सर्रास ‘सिंथेटिक’ म्हटले जाते आणि ते पॉलिएस्टरप्रमाणे खनिज तेलापासून बनते, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. रेयॉन, म्हणजेच व्हिस्कोस, मुख्यतः लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून तयार होते. हा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून मधासारखा दाट द्राव बनवतात आणि तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की त्याचे तंतू होतात. या पद्धतीचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९२ साली घेतले गेले; पॉलिएस्टर तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

खात्री करायची तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवावा. रेयॉन भुरकन जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिएस्टर मात्र वितळून त्याची टणक गुठळी होते. (मिश्र कापडात ही कसोटी फसवी ठरते.)

तथापि, लाकडापासून बनते म्हणून ते आपोआप पर्यावरणस्नेही ठरत नाही, कारण कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असते. लायोसेल या लाकडाच्या लगद्यापासूनच बनणाऱ्या दुसऱ्या तंतूच्या पद्धतीत ते लागत नाही आणि लगदा विरघळवणारा द्रावक जवळजवळ पूर्णपणे परत मिळवून पुन्हा वापरला जातो. लाकूड कोणत्या जंगलातून आले, हे मात्र तिथेही विचारावेच लागते.