हवाई अंतर आणि विमानाचा वेळ: दोन आकड्यांची पार्श्वभूमी

अंतर सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दोन छोट्या शहरांची नावं टाकली की दोन आकडे समोर येतात: हवाई अंतर ३०० किलोमीटर, विमानाचा वेळ अमुक मिनिटं. शेजारी शेजारी असल्यामुळे दोन्ही सारखेच पक्के वाटतात. पण पहिल्याच्या मागे दीड हजार वर्षांचं गणित आहे. दुसऱ्याच्या मागे बहुतेकदा नुसता एक भागाकार.

गोलावरची सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा (ज्याचं केंद्र गोलाचंच केंद्र असतं अशा वर्तुळाचा) कंस, आणि तो मोजायला 'ज्या' आणि 'कोज्या' (साइन आणि कोसाइन) लागतात. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २४ ज्यांची सारणी श्लोकात बसवली. ज्येलाच जीवा म्हणत. अरबीत तिचं 'जीबा' झालं, पुढे ते 'जैब' (वस्त्राची घडी, खोळ) असं वाचलं गेलं आणि लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा 'सायनस' आला. (मराठीतला खिसा या अर्थाचा 'जेब' त्याच घराण्यातला.)

खरी अडचण जवळच्या अंतरांची होती. कोज्येच्या नेहमीच्या सूत्राने ३०० किलोमीटरला ०.९९८९ मिळतं, पण चार अंकी सारणीत एवढ्या एका आकड्यात २९२ ते ३०५ किलोमीटरपर्यंतची सगळी अंतरं बसतात. ३० किलोमीटरला तर थेट १.०००० येतं, म्हणजे दोन्ही गावं एकाच जागी! यावरचा तोडगा जुनाच होता. एकातून कोज्या वजा केली की उत्क्रमज्या मिळते; ही चिमुकली राशीच थेट वापरली की बारीक फरक पुसले जात नाहीत, आणि ती आपल्याकडच्या ज्योतिषग्रंथांना ठाऊक होती. तिच्या निम्म्याला जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये 'हॅव्हरसाइन' असं नाव दिलं. दर्यावर्दी लोकांनी तिच्या सारण्या वापरल्या. पुढे मोजक्याच अंकांवर चालणाऱ्या संगणकांनाही तीच ठेच लागली, तेव्हा १९८४ मध्ये रॉजर सिनॉट यांनी हॅव्हरसाइनची पुन्हा आठवण करून दिली. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे जमेला धरणारं थॅडियस व्हिन्सेंटी यांचं सूत्र १९७५ चं. त्याने ३०० किलोमीटरमागे फार तर दीडेक किलोमीटर इकडचं तिकडे होतं.

वेळेच्या आकड्याला असा वंशवृक्ष नाही. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागलं की २२-२३ मिनिटं येतात, आणि प्रत्यक्षात एवढ्यात कोणी पोचत नाही. छोट्या मार्गांवर बहुधा पंख्याची विमानं असतात, त्यांचा वेग ताशी ५०० च्या आसपास. उड्डाण वाऱ्याच्या तोंडाला करायचं, त्यामुळे कधी कधी उलट दिशेला झेपावून वळावं लागतं. २० हजार फुटांवरून तीन अंशांच्या उताराने खाली यायचं, तर सुमारे ११५ किलोमीटर आधीच उतरायला सुरुवात करावी लागते. म्हणजे ३०० किलोमीटरच्या वाटेत पूर्ण वेगाचा टप्पा उरतो तो किती!

विमान कंपन्या मोजतात तो 'ब्लॉक टाइम': चाकांखालची उटी (चाक अडवणारे ठोकळे) काढून विमान हललं तेव्हापासून पुढच्या मुक्कामी पुन्हा उटी लागेपर्यंत. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. आणि हा जमिनीवरचा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. वर थोडी सूटही भरतात. अमेरिकेत १९८७ पासून कंपन्यांना वक्तशीरपणाचे आकडे सरकारला द्यावे लागतात, आणि वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांहून कमी उशीर झाला तर विमान वेळेवर आलं असं धरतात. छापील वेळच थोडी सैल ठेवली की आकडे आपोआप सुधारतात. 'आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत' अशी घोषणा ऐकू येते, तेव्हा ती दहा मिनिटं पुष्कळदा याच सुटीतली असतात.