बीएमएक्स रेसिंग म्हणजे स्टंट नव्हे

बेळगाव-खानापूरकडे पोरानं बीएमएक्सचं, म्हणजे छोट्या सायकलीच्या खेळाचं, नाव काढलं की घरचं उत्तर ठरलेलं: "स्टंट करून हातपाय मोडून घेणार काय?" स्टंट करतात तो प्रकार फ्रीस्टाइल, तो ऑलिंपिकमध्ये टोकियोला आला. रेसिंग 2008 च्या बीजिंगपासूनच आहे. मातीच्या, उंचवट्यांच्या ट्रॅकवर आठ जण गेटवरून सुटतात, आधी पोचेल तो जिंकतो. उड्यांना गुण शून्य. उलट हवेत पॅडल मारून उपयोग नाही, वेळच जातो. म्हणून नवख्यानं चाकं जमिनीलाच ठेवावीत: पॅडल आडवी, बूड सीटवरून वर, उंचवटा चढताना हात-गुडघे दुमडायचे, उतरताना सायकल खाली दाबायची. पॅडल न मारता वेग वाढतो, ही खरी गंमत. सायकल वीस इंची, बिनगिअरची, साधी चालेल. हेल्मेट मात्र तोंड झाकणारंच हवं, तिथं कंजुषी नको. आणि खानापूरचा पाऊस ओसरेपर्यंत मातीत उतरू नका.