मेण घालणं सोपं, काढणं अवघड

वळिवाचा कडकडाट सुरू झाला की आमच्या खानापूरच्या मामी पलंगाच्या आतल्या कोपऱ्यात सरकतात. मांडीत रॉड आहे, तो वीज ओढतो म्हणे. अहो मामी, वीज उंची बघते, मांडीतला धातू नव्हे! आता त्यांच्या फोनवर नवंच आलंय: ‘हाडाच्या पुडीचा स्क्रू, शरीराला परका वाटतच नाही.’ यात मात्र थोडं तथ्य आहे.

असे रॉड-स्क्रू ज्याचे करतात तो टायटॅनियम धातू हाडापेक्षा फार ताठ. ताठपणा मोजला तर टायटॅनियमचा सुमारे 110 गिगापास्कल (ताठपणाचं एकक), हाडाच्या टणक कवचाचा 20 च्या आसपास. भार धातूच उचलतो आणि काम न उरलेलं हाड विरळ होतं. हाडाशी नातं तरी लवकर जुळावं म्हणून टायटॅनियमच्या पुडीत हायड्रॉक्सीअपेटाइट, म्हणजे आपल्या हाडादातांत असतं तसलं कॅल्शियम फॉस्फेट, मिसळून पाहतात. हाड त्याला चटकन धरतं.

अशी पूड साच्यात भरायची कशी? केसाच्या जाडीच्या पावपटीहून बारीक कण घ्यायचे. आकारमानाने साधारण 60 भाग पूड, 40 भाग पॅराफिन मेण, पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक आणि किंचित स्टिअरिक आम्ल (चरबीतलं एक आम्ल). गरम करून मळायचं आणि प्लॅस्टिकच्या बादलीसारखं डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायचं. निघालेला तुकडा खडूसारखा, बोटांनी मोडेल असा.

खरी गंमत इथून पुढे. ते 40 भाग बाहेर काढायचे, पण आकार ढळता कामा नये. खानापूरचा कुंभार ओलं मडकं कधी भट्टीत घालत नाही. आतल्या पाण्याची वाफ झाली की मडकं फुटतं. आधी सावलीत वाळवतो. इथेही तेच. तुकडा कोमट हेप्टेनमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रवात, बुडवतात. मेण विरघळतं, पॉलिप्रॉपिलीन विरघळत नाही. ते कणांना धरून राहतं. मेण गेलेल्या जागी पृष्ठभागापासून आतपर्यंत बारीक वाटा उघडतात. मग 350 ते 450 अंशांना पॉलिप्रॉपिलीनचा वायू होतो आणि त्याच वाटांनी निघून जातो. वाटा नसत्या तर तुकड्यावर फोड आले असते. आणि मेणाची ही चाल जाडीच्या वर्गाने मंदावते: 2 मिमीच्या तुकड्याला लागतो त्याच्या दुप्पट नव्हे, चौपट वेळ 4 मिमीच्या तुकड्याला. कार्बन किंवा ऑक्सिजन जास्त मुरला तर टायटॅनियम ठिसूळ होतं, म्हणून भट्टीत आर्गॉन हा निष्क्रिय वायू तरी हवा, नाहीतर निर्वात तरी.

शेवटी 1200-1300 अंश. टायटॅनियम 1668 अंशांना वितळतं, म्हणजे इथे काहीच वितळत नाही. अणू सरकतात, कण जिथे टेकतात तिथे मानेसारखे जोड धरून चिकटतात, मधली पोकळी मिटते. 60 टक्के भरलेलं 97 टक्के भरलं की लांबी सुमारे 15 टक्क्यांनी घटते. ओतीव लोखंडाचा पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) शेकडा एकभर मोठा धरायची सवय असलेल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराला 10 मिमीसाठी 11.7 मिमीची डाय सांगून बघा!

आणि नेमकं याच तापमानाला हायड्रॉक्सीअपेटाइट मोडतं. टायटॅनियमच्या संगतीत तर आणखी लवकर. फॉस्फरस धातूत शिरतो, कॅल्शियम टायटॅनेट बनतं, क्वचित मोकळा कॅल्शियम ऑक्साइड उरतो. तो म्हणजे आपली चुनकळी! ओल लागली की फुगते. म्हणजे पुडीत घातलेलं खनिज स्क्रूत उरलंय का, हेच आधी तपासावं लागतं. भट्टी थंड ठेवली तर ते टिकतं, पण माना नीट जुळत नाहीत.

मामींच्या रॉडला यातलं काहीच लागू नाही. एवढ्या जाड, लांब वस्तूतून मेण निघता निघत नाही. ती धातूच्या सळईतूनच घडवतात.