पार्श्वभूमी : कुत्र्याचा चामडी पट्टा आणि त्यामागचे कातडे

कुत्र्यासाठी चामडी पट्टा घ्यायला गेले की दुकानदार मानेचे माप विचारतो, रंग दाखवतो, बक्कल पितळी की स्टीलचे तेही सांगतो. कातडे कोणत्या जनावराचे आणि कशात कमावलेले (म्हणजे कुजू नये म्हणून कशात मुरवलेले), हे बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसते. पट्टा किती वर्षे चालेल, भिजल्यावर त्याचे काय होईल, त्याला तेल द्यायचे की नाही, हे मात्र या दोन गोष्टींवरच ठरते. ही माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचेनाशी झाली त्याला कारणे आहेत, आणि महाराष्ट्रापुरती त्यातली बरीचशी गेल्या दहा-बारा वर्षांतली आहेत.

पट्टा तसा फार जुना. इजिप्तमध्ये राजांच्या खोऱ्यात १८९९ साली उघडलेल्या एका थडग्यात कुत्र्यांचे दोन चामडी पट्टे मिळाले, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे. एकावर शिकारीची दृश्ये आणि कुत्रीचे नाव, दुसऱ्यावर घोडे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका रोमन शेतीग्रंथात मेंढरांमागच्या कुत्र्यांचा पट्टा सांगितला आहे : जाड कातड्यातून खिळे बाहेर काढायचे आणि आतून खिळ्यांच्या डोक्यांवर मऊ कातडे शिवायचे, म्हणजे लोखंड मानेला लागत नाही. आतल्या बाजूला अस्तर आहे का, हे आजही आधी पाहावे ते याचसाठी. हिमालयातल्या मेंढपाळांची कुत्री अजून बिबट्यापासून बचाव म्हणून लोखंडी पट्टे घालतात. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात तर बिबट्याच्या दहशतीने माणसांनीच गळ्यात खिळ्यांचे पट्टे अडकवले.

आपल्याकडे कुत्र्याचा पट्टा हा वेगळा धंदा नव्हता. मोट, वहाणा, बैलांचे साज करणारा कारागीरच उरल्यासुरल्या पट्टीतून तो काढून देई. कातडे गावाच्या आसपासच कमावलेले असे. कोल्हापूरकडच्या पद्धतीत चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवायचे, टांगायचे आणि त्यात बाभळीची साल नि हिरड्याचे पाणी भरत राहायचे. पाणी झिरपत जाते आणि कातडे आतपर्यंत तांबूस होते. काम आठवड्यांचे. ढोर समाजाने कमवायचे, चर्मकार समाजाने शिवायचे, अशी वाटणी होती. कमावणारा आणि शिवणारा एकमेकांना ओळखत, त्यामुळे कातड्याची जात-कूळ विचारावी लागत नसे. कानपूरची गोष्ट निराळी. १८६० च्या दशकात तिथे लष्करासाठी खोगीर नि घोड्याच्या साजाचा सरकारी कारखाना निघाला. तिथल्या साजकामाच्या परंपरेतून आज कुत्र्यांचे पट्टेही परदेशी जातात.

क्रोमचे कातडे हा पहिला मोठा बदल. बायकांच्या कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रातल्या, म्हणजे कॉर्सेटमधल्या पोलादी पट्ट्यांवर सालीत कमावलेले कातडे चढवले की पोलाद गंजायचे. त्यावर तोड शोधताना अमेरिकेत १८८४ साली क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याचे पेटंट निघाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत मद्रासेत आली. आठवड्यांचे काम दिवसावर आले. क्रोमचे कातडे मऊ, रंग छान घेणारे, पाण्याला आणि उष्णतेला जास्त टिकणारे असते, पण ताणले की लांबते आणि त्याची कड घोटून गुळगुळीत होत नाही. बुटाच्या वरच्या भागाला ते उत्तम. कुत्रा रोज ओढणार त्या पट्ट्याला सालीतलेच कातडे बरे, असे माझे ठाम मत आहे. युरोपीय महासंघाने १ मे २०१५ पासून माणसाच्या त्वचेला लागणाऱ्या चामड्यात षटसंयुजी क्रोमियमला (क्रोमियमचे अपायकारक रूप) किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, त्यामुळे निर्यातीचा माल तपासून जातो. स्थानिक दुकानातल्या पट्ट्याला असा तपासणीचा कागद लागलेला मी पाहिलेला नाही.

दुसरा मोठा बदल २०१५ सालचाच, आणि वाद आहे तो त्यावर. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली. गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने आधीच बंद होती. दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. विधिमंडळाने ही दुरुस्ती १९९५ सालीच मंजूर केली होती, राष्ट्रपतींच्या संमतीला वीस वर्षे लागली. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्यावरची बंदी मात्र रद्द केली. सारी चर्चा मांसाभोवती फिरली. कातड्याचे काय, हे विचारणारे आवाज कोल्हापुरातून आणि धारावीतून आले, पण त्यांना फारशी जागा मिळाली नाही.

कायद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की कातड्यावर बंदी नाहीच. म्हैस कायद्याबाहेर आहे आणि आपल्या मरणाने मेलेल्या गाय-बैलाचे कातडे काढायला, कमवायला कोणी अडवलेले नाही. या म्हणण्याला महाराष्ट्रातच आधार आहे. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय, म्हणजे कातडी कमावण्याचे केंद्र, उभे राहिले ते मेलेल्या जनावरांचेच कातडे वापरायचे, या आग्रहातून. तो प्रयोग मनापासून केलेला होता आणि कमावण्याच्या कामाला त्याने प्रतिष्ठा देऊ पाहिली. म्हणून हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही.

पण तो अपुरा आहे. मेलेल्या जनावराचे कातडे लवकर निघाले नाही तर कुजू लागते, आणि आपल्या उन्हात हा अवधी थोडाच असतो. रक्त शरीरातच गोठलेले असल्याने शिरांच्या रेघा कातड्यावर उमटतात. इंच-सव्वा इंचाच्या पट्टीत अशी एक रेघ आडवी आली तर पट्टा तिथेच दुमडतो. दुसरा प्रश्न माणसांचा. १९२७ साली महाडच्या परिषदेपासून मेलेली ढोरे ओढणे सोडा, हे आवाहन गावोगाव पोचले आणि लोकांनी ते काम स्वाभिमानाने सोडले. ते त्यांनी पुन्हा धरावे असे कायदा गृहीत धरतो, पण कोणी धरावे हे कुठेच म्हणत नाही. तिसरी गोष्ट भीतीची. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले गेले. त्यानंतर ओले कातडे टेम्पोत घालून निघणाऱ्याला कागदपत्रे पुरी असली तरी धीर कुठून यावा? मे २०१७ मध्ये केंद्राने जनावरांच्या बाजारासाठी नवे नियम काढले, त्यात कत्तलीसाठीच्या विक्रीवरचे निर्बंध म्हशीलाही लागू होत होते. सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत ते थांबवले, पण तेवढ्या काळात बाजार हादरला. कागदावर कातडे मोकळे राहिले, प्रत्यक्षात ते दुर्मीळ झाले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तिच्यासाठी लागणारे कातडे मोठ्या प्रमाणावर चेन्नईसारख्या ठिकाणांहून येत होते.

पट्ट्यावर याचा परिणाम सरळ झाला. बैलाच्या पाठीचे कातडे घट्ट विणीचे, तीन-चार मिलिमीटर जाडीचे, एका थराचा पट्टा काढावा असे. त्याची जागा म्हशीने घेतली. म्हशीचे कातडे जाड पण विणीला सैल, म्हणून ते यंत्रावर थरांत चिरतात. वरचा थर चांगला. खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप देऊन खोटे दाणे उठवतात आणि तोही ‘अस्सल चामडे’ म्हणून विकला जातो. शब्द खोटा नाही, पण पट्टा वर्षभरात सोलतो.

म्हणून घेताना नाव विचारू नका, कड पाहा. बक्कलजवळच्या भोकात किंवा टोकाशी कापलेली बाजू दिसते. आरपार तपकिरी असेल तर सालीत कमावलेले. मध्ये राखी-निळसर रेघ असेल तर क्रोमचे. वर कागदासारखा वेगळा थर दिसला तर लेप दिलेला खालचा थर, आणि कापडाची जाळी दिसली तर रेक्झिन. पट्टा आत दुमडा : खऱ्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या पडून मोकळ्या होतात, लेपावर सरळ घडी राहते. ओल्या पांढऱ्या रुमालाने आतून घासा. रंग लागला तर पांढऱ्या-पिवळ्या केसांच्या कुत्र्याची मान रंगणार. छोटे चुंबक जवळ असेल तर बक्कल, कडी आणि रिवेटला लावून बघा. पितळी म्हणून दिलेले चिकटले तर आत लोखंड आहे, आणि सालीतले कातडे ओले झाले की लोखंडाशी मिळून काळे डाग धरते. ज्या कडीत साखळी अडकते तिचा सांधा जोडलेला हवा, नुसता वळवलेला नको. ओढ लागली की तो उघडतो.

निगाही याच फरकाने बदलते. ‘चामड्याला तेल द्यावे’ हा घरोघरचा सल्ला सालीत कमावलेल्या कातड्याचा आहे. ते तेल पिते. महिन्या-दोन महिन्यांनी मेण मिसळलेल्या तेलाचा पातळ हात आतल्या खरबरीत बाजूने द्यावा. जास्त दिले तर कातडे लिबलिबीत होते आणि भोके लांबट पडतात. क्रोमच्या कातड्यावर तेच तेल वर राहून धूळ धरते. त्याला ओल्या फडक्याने पुसून क्रीमचे बोट पुरते. लेपाच्या पट्ट्याला नुसते पुसणे, आणि लेप तडकला की तो टाकणे, कारण त्या कडा मानेला कापतात. बुटाचे पॉलिश कशालाच नको, कुत्रा ते चाटतो.

भिजलेला पट्टा सावलीत, पंख्याखाली सपाट वाळवावा. उन्हात किंवा गॅसजवळ सालीतले कातडे आकसून तडकते आणि मग तेलानेही सुधारत नाही. बुरशी आली तर बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झटकावी, पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसावे, पुन्हा वाळवावे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, जुन्या सुती कापडात ठेवावा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर साधा नायलॉनचा पट्टा घालावा, हेच मी सुचवेन. पिल्लालाही वाढ पुरी होईपर्यंत नायलॉनच ठीक, कारण दर काही आठवड्यांनी माप बदलते आणि महाग पट्टा आहे म्हणून एक भोक मागे ढकलत राहिले की तो मानेत रुततो. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. रात्री पट्टा काढून ठेवावा आणि काढताना कानामागचे, गळ्याखालचे केस बाजूला करून त्वचा पाहावी : लालसर, ओलसर किंवा केस गेलेली जागा दिसली तर ती भरेपर्यंत कोणताच पट्टा घालू नये, छातीवरून जाणारा हार्नेस वापरावा.