सरासरी जास्त म्हणजे वाण सरस?

पेरणी जवळ आली की मराठवाड्यात सोयाबीनचा हा मेसेज फिरतो: ‘ज्या वाणाची सरासरी जास्त, तोच सरस.’ बियाण्याला पैसे मोजायचे असतात, म्हणून तो पटतोही. पण नुसत्या सरासरीवरून हे ठरत नाही.

समजा तीन वाण, प्रत्येकाचे चार प्लॉट. एकरी क्विंटलमध्ये उतारा असा: पहिला ६, ८, १०, १२, दुसरा ५, ७, ९, ११, तिसरा ७, ९, ११, १३. सरासऱ्या ९, ८ आणि १०. तिसरा पुढे दिसतो. पण एकाच वाणाच्या प्लॉटांत ६ क्विंटलचा फरक कुठून आला? एक तुकडा काळ्या कसदार रानात, दुसरा मुरमाड चढावर. वाणांमधला फरक या आतल्या चढउताराशी ताडून पाहायचा, हेच प्रसरण विश्लेषण (इंग्रजीत ‘अनोव्हा’). प्रसरण म्हणजे आकडे किती विखुरलेले, याचे माप. वाणांमधले प्रसरण ४, आतले ६.६७, भागाकार ०.६. पाच टक्के पातळीला, म्हणजे वाण सारखेच असताना निव्वळ योगायोगाने शंभरात पाचच वेळा ओलांडली जाईल अशी हद्द धरली, तर तीन वाण आणि बारा प्लॉटांसाठी तो निदान ४.२६ हवा. म्हणजे तिसरा सरस, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. (तिन्ही सारखेच, असेही सिद्ध होत नाही बरं.)

आता सरासऱ्या त्याच ठेवा, पण तिसऱ्याचे प्लॉट ९.५, १०, १०, १०.५ आणि बाकीच्या दोघांचेही आपापल्या सरासरीभोवती तेवढेच जवळ. भागाकार थेट २४! इथे फरक खरा मानायला आधार आहे. कोणता वाण कोणापेक्षा वेगळा, ते मात्र पुढच्या चाचणीत कळते.

एक्सेलच्या ‘डेटा अ‍ॅनालिसिस’मध्ये ‘अनोव्हा: सिंगल फॅक्टर’ निवडून हे आकडे स्वतः घालून बघा. फक्त कोणता वाण कोणत्या तुकड्यात, हे पेरणीआधी चिठ्ठ्या टाकून ठरवलेले असावे; एकच वाण विहिरीलगत पेरला, तर गणितही फसते.