कुंडीतील जास्वंद वसंतात बाहेर काढणे

शीत व समशीतोष्ण प्रदेशांत हिवाळाभर घरात किंवा काचगृहात सांभाळलेली जास्वंदीची कुंडी थंडी सरल्यावर टप्प्याटप्प्याने पुन्हा उघड्यावर नेण्याची बागकामातील प्रथा. ती सदाहरित, उष्ण कटिबंधीय जास्वंदीपुरतीच (लॅ. हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, कुल – मालव्हेसी) मर्यादित आहे. त्याच प्रजातीतील (इं. जीनस) हिबिस्कस सिरियाकस हे पानझडी झुडूप आणि उत्तर अमेरिकेतील हि. मोश्यूटोस ही जाती बर्फातही जमिनीतच तग धरतात. रोपवाटिकांत या सर्वांची विक्री ‘हिबिस्कस’ या एकाच नावाने होत असल्याने आधी जात ओळखणे आवश्यक ठरते.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये या जातीस ‘चिनी गुलाब’ अशा अर्थाचे नाव दिले आणि जुन्या कोशांत तिचे मूलस्थान त्यामुळे चीन असेच नोंदले गेले. त्यापूर्वी, १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारातील वनस्पतींवरील ग्रंथात मलबारातील जास्वंदीचे वर्णन आलेले आहे, मात्र तेथेही ती लागवडीतील वनस्पती असावी. निःसंशय रानटी म्हणता येईल अशी तिची वाढ कोठेही आढळलेली नाही. ती प्रशांत महासागरातील बेटांवरच्या जातींच्या प्राचीन संकरातून उद्भवली असावी, असे मत अलीकडे पुढे आले असून वानुआटूतील हि. कूपेराय ही एक जनक जाती मानली जाते. उपलब्ध पुराव्याशी हेच मत अधिक जुळते. प्रस्तुत विषयाशी या वादाचा संबंध असा की, कडक हिवाळा नसलेल्या प्रदेशातील या झुडपास खरी सुप्तावस्था नाही. खिडकीशी ते झोपत नाही, केवळ मंदावते.

यूरोपात इंग्लंडमधील लागवडीची नोंद १७३१ च्या सुमारास उद्यानतज्ञ फिलिप मिलर यांच्या संदर्भात मिळते. कुंड्या आत-बाहेर करण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी असून ती संत्रावर्गीय झाडांवरून आली. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात अशी झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी १६८४–८६ मध्ये बांधलेल्या संत्रागृहातून झाडांच्या पेट्या साधारणपणे मेच्या मध्यास बाहेर काढतात.

बाहेर काढण्याच्या तिथीविषयी लोकसंकेत बरेच आहेत. जर्मनीत ११ ते १५ मे हे ‘हिमसंतांचे’, म्हणजे वसंतातील उशिराच्या थंडीशी जोडलेल्या ख्रिस्ती संतांचे दिवस. मामेर्टुस, पांक्राटियुस, सर्व्हाटियुस, बोनिफाटियुस आणि शेवटची ‘थंड सोफी’ गेल्याखेरीज नाजूक झाड बाहेर ठेवत नाहीत. हा संकेत ग्रेगोरीय पंचांगापूर्वीचा असल्यास १५८२ च्या सुधारणेने वगळलेले दहा दिवस धरून तो मेच्या अखेरच्या आठवड्याकडे सरकतो, असे काही अभ्यासक म्हणतात. संकेताचा काळच निश्चित नसल्याने हे गणित सैल राहते. कॅनडात व्हिक्टोरिया दिन, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, ही प्रचलित खूण आहे. यांपैकी कोणत्याही तिथीपेक्षा रात्रीचे किमान तापमान सलग काही दिवस १०° से.च्या वर, शक्यतो १३° से.च्या आसपास राहणे ही कसोटी अधिक भरवशाची आहे. हवा तेवढी उबदार असूनही कुंडीतील माती गार असल्यास मुळे पाणी ओढत नाहीत आणि ओल्या मातीतही पाने माना टाकतात. अशा वेळी आणखी पाणी घालणे घातक ठरते.

तरीही, बाहेर काढल्यावर पाने खराब झाल्याचा दोष थंडीवर जातो तेव्हा बहुधा खरे कारण ऊन असते. निरभ्र दुपारच्या उन्हाची तीव्रता सु. १ लाख लक्स भरते, तर खिडकीपासून काही फूट आत ती अनेकदा काही हजारांवरच राहते. शिवाय साधी काच अतिनील-ब किरण बहुतांशी अडविते. त्या मंद प्रकाशात वाढलेली पाने पातळ असून त्यांत अतिनील किरण शोषणारी संरक्षक द्रव्ये कमी असतात. असे झाड एकाएकी उन्हात ठेवल्यास प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला पेलवेल त्याहून अधिक ऊर्जा पानांत शिरते व हरितद्रव्याचा नाश होतो. दोन-तीन दिवसांतच वरच्या पानांवर, शिरांच्या दरम्यानच्या भागात, चुन्याचा हात लागावा तसे पांढुरके डाग उमटतात. मग ते तपकिरी होऊन कागदासारखे चुरचुरीत होतात. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उन्हास योग्य अशी पाने नव्या फुटीवरच येतात. म्हणून पहिले तीन-चार दिवस पूर्ण सावली, नंतर सकाळचे तासभर कोवळे ऊन आणि पुढे रोज थोडी वाढ, असा सात ते चौदा दिवसांचा क्रम पाळावा. बागायतदार यास ‘हार्डनिंग’ म्हणतात. या काळात काही जुनी पाने पिवळी पडून गळणे स्वाभाविक आहे. त्यावरून झाड गेले असे समजून ते टाकून देऊ नये.

बाहेर नेण्यापूर्वी पानांची खालची बाजू मावा, पांढरी माशी, लाल कोळी व पिठ्या ढेकूण यांसाठी तपासतात. खतात स्फुरद (फॉस्फरस) बेताचे व पालाश (पोटॅश) अधिक असावे.

जास्वंदीस फुले नव्या वाढीवर येतात आणि छाटणीनंतर बहर येण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील इतर थंड भागांत राहणारी मराठी कुटुंबे गणपतीच्या पूजेसाठी एकेरी लाल जास्वंद कुंडीत जपतात. त्यांच्या दृष्टीने हा हिशेब फार मोलाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये, कुंडी घरातच असताना फांद्यांचा सु. एक-तृतीयांश भाग छाटल्यास भाद्रपदापर्यंत झाड भर बहरात येते. हीच छाटणी जूनअखेरीस केल्यास ऑगस्टच्या चतुर्थीला फुले हुकण्याचा संभव असतो. चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यास आल्यास रात्री पुन्हा १०° से.कडे उतरू लागलेल्या असतात आणि पूजेची फुले खुडल्यावर लवकरच कुंडी आत घ्यावी लागते.